आपली बैठक खाली आहे

सकाळी गजभिये काकांच्या सुजाताचा फोन आला. "वहिनी, बाबा गेले. झोपेतच." मी फक्त "येते" म्हटलं. प्रमोदला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर तो हातातली मेथी निवडतच राहिला… ज्या माणसामुळे तो आज जिवंत आहे तो माणूस गेला होता, आणि आम्हा दोघांनाही रडायचं सुचेना.

गजभिये काकांची ओळख कशी झाली ते सुजाताला आणि प्रमोदला विचारूनच लिहितेय. नाहीतर बैठकीतलं बाहेर सांगायचं नसतं.

प्रमोद प्यायचा. आमच्या सक्करदरा वस्तीत आम्हाला ओळखणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि कुणालाच ठाऊक नाही असं समजून आम्ही दोघं तोऱ्यात वावरत होतो. डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा आपणहून म्हणाला, "ते दारू सोडणाऱ्यांचं कुठं काही असते म्हणतेत, पाह्य नं वं जरा." मी शोधाला लागले. शोध कसला… विचारायलाच लाज. शेवटी दवाखान्यातल्या नर्सनं कानाशी लागून सांगितलं, विहाराच्या इमारतीत बैठक असते, दर रविवारी अकराला.

स्कूटरवर वाटभर प्रमोद एकच वाक्य घोकत होता. दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांना मी विचारलं, "बैठक कुठं आहे?" कसली बैठक, हे सांगायला जीभ रेटेना. ते म्हणाले, "वर." आम्ही वर गेलो. खुर्च्यांच्या रांगा, चहाचे कप, नटूनथटून आलेली तरणी पोरंपोरी. अगंबाई, इतक्या कोवळ्या पोरीसुद्धा पितात, असं माझ्या मनात आलं. मंचामागे चांगला भिंतभर फलक होता म्हणे, पण मान वर करेल त्याला दिसणार. माइकवरून कुणी म्हणालं, "मोकळेपणानं उभं राहून परिचय द्या," आणि धीर सुटायच्या आत प्रमोद उभा राहिला.

"मी प्रमोद. मी दारुडा आहो. मले सोडाची आहे."

तो वधू-वर परिचय मेळावा होता.

असा हशा पिकला म्हणून सांगू! "अशाले पोरगी कोन देईन गा?" मागून कुणीतरी ओरडलं. बसावं की पळावं, प्रमोदला कळेना. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ उठले. शेजारी त्यांची मुलगी होती. पलीकडे एक मुलगा आणि त्याचे आईवडील बसले होते, त्यांच्याशी बोलणी चांगली रंगली होती.

"मी बी दारुडाच आहो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बहुत वर्षं झाले, थेंब नाही घेतला. चाल गा भाऊ, आपली बैठक खाली आहे."

त्यांनी प्रमोदचा हात धरला आणि रांगांमधून शांतपणे चालू लागले. मुलाच्या आईनं पर्स मांडीवर घेतली आणि ती एक खुर्ची पलीकडे सरकली. सुजाताचं ते स्थळ तिथंच मोडलं.

पुढे कधीतरी मी त्यांना विचारलंच, "काका, नुसता हात धरून नेलं असतं तरी चाललं असतं की. बोलले काहून?"

"अवं बाई, तो एकटा उभा होता नं. तसाच खाली उतरला असता तं सीधा भट्टीवर गेला असता." मग म्हणाले, "पोरीचं लगन आज नाही तं उद्या होईन. त्याचा उद्या मले दिसे नाही…"

खालच्या त्या लहानशा खोलीत काकांनी कुणाला कधी उपदेश केला नाही. दारू सोडणाऱ्याला गोड लागतं म्हणून चहा स्वतः करायचे, तोही पाकासारखा. आणि संध्याकाळी, भट्टीकडे पाय वळायच्या वेळेला, फोन. "जेवला का गा?" बस्स. एकदा प्रमोद घसरला. मी घर डोक्यावर घेतलं होतं. काका आले, ओसरीवर बसले, एका शब्दानं जाब विचारला नाही. जाताना म्हणाले, "रविवारी येशीन नं?" मला त्यांचा तेव्हा रागच आला होता. प्रमोद मात्र रविवारी गेला, आणि पुढचे सगळे रविवार जातो आहे. सुजाताचंही यथावकाश चांगलं लग्न झालं. बघायला आलेल्यांपुढे पोहे यायच्या आधीच काका म्हणाले होते, "पयले माहं ऐका."

काकांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम वरच्याच सभागृहात होता, तोही रविवारी. पंचशील म्हणताना काका पाचवं शील, मद्यापासून दूर राहायचं ते, नेहमी आवाज चढवून म्हणायचे. त्या दिवशी ते सगळ्यांबरोबर साध्याच आवाजात गेलं आणि मला एकदम पोकळ वाटलं. मग कुणीतरी माइकवरून म्हणालं, "ज्यांना बोलायचं असेल त्यांनी मोकळेपणानं बोलावं." प्रमोद शेवटच्या रांगेतून उठला.

"मी प्रमोद. मी दारुडा आहो. काकानं मले इथूनच…"

यावेळी कुणी हसलं नाही, पण कुणी उठलंही नाही. तो तसाच उभा, एकटा. मी उठणार, तोच पहिल्या रांगेतून सुजाता उठली. खुर्च्यांमधून वाट काढत मागे आली आणि तिनं त्याचा हात धरला.

"चाला दादा," ती म्हणाली, "अकरा वाजले. आपली बैठक खाली आहे."

खाली चहा तिनंच केला. तोंडात धरवत नव्हता इतका गोड झाला होता… आम्ही सगळ्यांनी दोनदा घेतला.