खणातल्या चिठ्ठ्या

एआयनं अमुक सांगितलं, असं कुणी म्हटलं की वामन तायडे हातातलं काम थांबवून विचारत, "कोनाले इचारून सांगतलं?" उत्तर मिळाल्याशिवाय ते पुढे बोलत नसत.

वाशीम जिल्ह्यात पाच दवाखाने चालवणाऱ्या एका संस्थेत ते वीस वर्षं कंपाउंडर होते. पुढे संगणक शिकले. संस्थेच्या मदत क्रमांकावर एआय आलं, तेव्हा त्याला औषधसाठ्याचं रजिस्टर जोडायचं काम त्यांच्याकडे आलं. बातमीसाठी मी मालेगावच्या दवाखान्यात गेलो होतो. हे जोडतात कसं, ते विचारलं.

"डॉक्टर कोनीबी येऊ द्या, चिठ्ठीचा नमुना एकच ठरला की कंपाउंडरले अडचन नाई," ते म्हणाले. "पयले दर एआयसाठी येगळी जोडनी लिहा लागे. आता बोलाची रीत एकच. हे इचारते, रजिस्टर सांगते. रजिस्टरच्या बाहेरचं याले दिसत नाई, सायेब."

त्या पावसाळ्यात वाशीम रस्त्यावरच्या एका खेड्यात शेतात निंदण करताना एका बाईला साप चावला. नवऱ्यानं मदत क्रमांकावर फोन केला. एआयनं रजिस्टरला विचारलं. मालेगावला सर्पदंशावरची लस आहे, असं उत्तर आलं. वाशीमही तेवढंच लांब होतं. ते मालेगावला गेले. फ्रिज रिकामा होता. लस सकाळीच आसेगावच्या दवाखान्यानं मोटारसायकलवरून नेली होती. दवाखान्यांची आपसात अशी देवाणघेवाण नेहमीची. नेल्याची चिठ्ठी खणात टाकायची, रजिस्टरवर शनिवारी चढवायची. तो मंगळवार होता. वाशीमला पोचण्याआधी बाई दगावली.

संस्थेच्या सचिवांनी तायड्यांना एआयचा बिघाड म्हणून अहवाल लिहायला सांगितलं. "लिहून टाका तायडे. मशीनले कोन फाशी देते?"

तायड्यांनी लिहिलं नाही. मला संगणकावरच्या नोंदी दाखवल्या. "यानं बरोबर इचारलं. रजिस्टरनं होतं तेच सांगतलं. म्या सोता वीस वर्षं खनात चिठ्ठ्या टाकल्या. जोडनी करताना तो खन आठोला नाई."

तिसऱ्या दिवशी संस्थेनं त्यांना काढलं. पत्रकात बिघाडच छापून आला. चौथ्या दिवशी ते त्या बाईच्या घरी गेले. मी सोबत होतो. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मशीन खोटं नाई बोलली?"

"नाई."

"मंग तुमी कायले आले?"

"तुमाले सारे बिघाड सांगतीन. बिघाड नवता. चूक माही हाय."

नवरा म्हणाला, "फोनवरचं तिनंबी आयकलं होतं, मालेगावले लस हाय म्हनून. रस्त्यानं मलेच धीर देऊन राह्यली होती."

परतताना तायडे वाशीमच्या स्टँडवर उतरले. त्यानंतर ते मला भेटले नाहीत.