डोंबिवलीचा पत्ता, परळचा पिनकोड

गुरुवारी सकाळी सानिकानं, म्हणजे माझ्या मुलीनं, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. तिच्या नोकरीचं पत्र स्पीड पोस्टानं निघालं होतं. सोमवारी ते मूळ पत्र दाखवल्याशिवाय तिला रुजू करून घेणार नव्हते. आणि पत्र मंगळवार संध्याकाळपासून परळच्या पोस्टात बसलं होतं.

आम्ही राहतो डोंबिवली पूर्वेला.

"बाबा, फॉर्मवर पत्ता तुम्ही लिहिला होतात ना? पिनकोड काय टाकलात?"

"चुकून सवयीनं..."

"अकरा वर्षं चुकून?"

चुकून नव्हे, हे आता ब्लॉगवर कबूल करतो. परळची खोली विकून आम्ही इकडे आलो. सामान आलं, माणसं आली, पण पिनकोड मी काही आणला नाही. पत्ता डोंबिवलीचा लिहायचा आणि खाली ठोकून द्यायचं ४०००१२. आमच्या सोसायटीतले निम्मे जुने परळकर, लालबागकर हेच करतात. ४२१२०१ लिहिताना हात जड होतो. हे दुःख गिरगावातल्या माझ्या मामेभावाला कळणार नाही. त्याचा शेवटचा आकडा चार आहे आणि तो फोन नंबर सांगावा तसा विचारल्याशिवाय पिनकोड सांगतो.

तेव्हा मित्रहो, ही सहल हौसेची नव्हती. तरी कोणाला करायची असेल तर माहिती देतो.

डोंबिवलीहून दादरला कसा पोचलो ते लिहीत नाही. वाचणाऱ्यांतले निम्मे तसेच पोचतात आणि उरलेल्यांना सांगून पटणार नाही. दादरला पूर्वेला उतरलात तर तुम्ही ४०००१४, म्हणजे चौदामध्ये, पूल ओलांडून पश्चिमेला गेलात तर अठ्ठावीसमध्ये. मी चौदामध्ये मिसळ खाल्ली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ घरच्या चपला घालून आले होते. घरच्या चपलांनी दादरला मिसळ खायला येता येणं, याला श्रीमंती म्हणतात. मला ती मिसळ तिखट लागली नाही, ते गृहस्थ लागले.

तिथून परळला बस घ्या. तिकीट किरकोळ आहे, खिडकी मिळाली तर डावीकडची घ्या. उजवीकडे नवे टॉवर दिसतात आणि पोटात दुखतं.

पोस्टात काउंटरवरच्या गृहस्थांना सानिकाचं नाव आणि पत्त्याचा कागद दिला. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं आणि आत हाक मारली, "सावंतबाई, बाहेर या! डोंबिवलीचे बारा आलेत!"

आतून एक पोस्टवाल्या बाई आल्या. केस पांढरे, खांद्याला थैली. टपाल वाटायला निघायच्या बेतात होत्या.

"तुम्हीच होय ते?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, म्हातारे असाल."

"म्हणजे तुम्ही मला ओळखता?"

"तुमचा पत्ता ओळखते. अहो, बँकेचं येतं, विम्याचं येतं, लग्नपत्रिका येतात. सगळी आधी इथे. मी बारा खोडते, तुमचा खरा पिन घालते आणि डोंबिवलीला पाठवते. हेपण आज दुपारच्या थैलीत जाईल."

"पण पत्त्यात डोंबिवली स्पष्ट लिहिलंय की!"

"सॉर्टिंगला तेवढं वाचत बसायला वेळ असतो का? पहिले तीन आकडे बघायचे, कुठल्या भागात पाठवायचं ते कळतं. शेवटचे तीन म्हणजे पोस्ट. बारा म्हणजे आम्ही. तुम्ही आम्हाला बोलावलंत, आम्ही आलो."

पाकीट समोर होतं. मी हात पुढे केला. काउंटरवाल्यांनी ते शांतपणे मागे घेतलं. "नाव मुलीचं आहे. तिला घेऊन या."

सानिकाला फोन लावला. ती म्हणाली, "त्या बाईंनी खरा पिन घातलाय ना? मग येऊ दे पोस्टानंच. त्यांच्यावर तुमच्यापेक्षा जास्त भरवसा आहे."

पुढचा मुक्काम लालबाग. चिवडा गल्लीतून अर्धा किलो चिवडा घ्या, मसाल्याच्या गल्लीतून जाताना रुमाल जवळ ठेवा. विलास तिथेच राहतो. माझा शाळूसोबती. त्यांनी खोली विकली नाही, चाळ पडून टॉवर झाला आणि आता तो सत्ताविसाव्या मजल्यावरून खाली बघतो. आधी नुसता वागण्यातच वरून बघायचा.

"ही बघ तुझी शाळा," बाल्कनीतून बोट दाखवत म्हणाला. "ती बघ तुझी खोली होती ती जागा."

"दिसली."

"तुम्ही घाई केलीत रे. पोस्टमन वर येत नाही एवढंच, खाली पेटीत टाकतो. बाकी मजा आहे."

त्यानं चहा दिला, माझाच चिवडा मला दिला आणि साडेचारला म्हणाला, "निघ आता, तुला लांब जायचंय." मी घड्याळ पाहिलं नव्हतं. त्यानं पाहिलं होतं.

शुक्रवारी दुपारी दीड वाजेपर्यंत सानिका खिडकीतून फाटकाकडे बघत होती. मीही जिन्यात आठ वेळा जाऊन आलो. पावणेदोनला आमचे पोस्टमन आले. तिनं सही केली, पाकीट फोडलं, पत्र दोनदा वाचलं आणि मग पेन माझ्या हातात दिलं. रुजू होतानाच्या फॉर्मवर पत्ता भरायचा होता. ती शेजारी उभी राहिली. मी लिहिलं, चार दोन एक दोन शून्य एक. अक्षर चांगलं आलं नाही.

पत्र तिनं घेतलं, पाकीट मी ठेवून घेतलं. त्यावर माझे बारा निळ्या पेननं खोडलेले आहेत, शेजारी सावंतबाईंचं गोल, टपोरं अक्षर. मंगळवार आणि बुधवार अशा सलग दोन रात्री ते परळला राहून आलंय. मला विलास चहानंतर थांब म्हणाला नाही.