तिसरा पुकारा

आता जे लिहितेय ते माझ्या माणसांत कुणाला ठाऊक नाही, शेजारणीला नाही, अंबाबाईपुढं हात जोडून उभी राहिले तरी तिथंही मी ते कधी उच्चारलेलं नाही. देवीला कळतच असेल, पण आपल्या तोंडानं सांगणं वेगळं. तेवढी हिंमत माझ्यात नाही. म्हणून लिहितेय, आणि लिहितानासुद्धा दाराला आतून कडी घातलीय. घरात दुसरं कुणी नाही — तरी घातलीय.

तसं पाहिलं तर मला भित्री कोण म्हणेल? कसबा बावड्यात उभी हयात गेली माझी. मारकी म्हैस मी एकटी धरते. गोठ्यात साप निघाला तर उड्या मारणाऱ्या पुरुषांना बाजूला सारून काठी मी हातात घेते. डेअरीवर दुधाच्या फॅटवरून वाद झाला की बायका मलाच पुढं ढकलतात. तेव्हा ज्याला मी भ्याले ते केवढं भयंकर असेल, असं तुम्हाला वाटेल. ते होतं माझं नाव. कुणीतरी माझं नाव मोठ्यानं घेतलं, एवढंच.

परवाच्या रविवारी ऋतुजा आली. ऋतुजा माझ्या धाकट्या दिराची मुलगी. मला मोठी आई म्हणते. वकील झालीय. आल्या आल्या म्हणाली, “मोठी आई, चांगली साडी नेस. तुला जुनं कोर्ट दाखवायला नेतो. दुरुस्त करून लख्ख केलंय बघ, आणि एक माणूस सगळीकडं फिरवून माहिती सांगतोय.”

मी म्हटलं, गुडघा दुखतोय. म्हणाली, रिक्षा दारात आहे. म्हटलं, म्हशीची धार काढायचीय. म्हणाली, ही कुठली धारेची वेळ? वकिलापुढं माझ्या सबबी कशा टिकणार? रिक्षात बसले. ती मात्र सारा रस्ता बोलत होती.

इमारत तीच होती. काळा दगड घासून पुसून काढला होता, लाकडाला पॉलिश केलं होतं. आम्ही पंधरा-वीस माणसं असू. माहिती सांगणारे गृहस्थ पन्नाशीचे, गळ्यात छोटा माईक, हौशी माणूस. भिंत किती जाड, दगड कुठला, वीज नव्हती तेव्हा छताचे पंखे दोरीनं कसे ओढायचे, ते दोरीचं भोक कुठं आहे — लोक माना वर करून बघत होते, फोटो काढत होते. मी वर बघितलंच नाही. मी जिना शोधत होते. सापडला. जिन्याखाली पूर्वी पाण्याचा रांजण असायचा, आता तिथं झाडाची कुंडी आहे. तिथून मला नजर काढता येईना.

मग आम्ही एका दालनाच्या दाराशी आलो. ते गृहस्थ म्हणाले, “आता पुकारा कसा व्हायचा ते दाखवतो. पट्टेवाला या दारात उभा राहून साक्षीदाराचं नाव तीनदा पुकारायचा. तिसऱ्यांदाही कुणी आलं नाही की गैरहजर. चला, कुणीतरी साक्षीदार व्हा! नाव सांगा.”

आणि ऋतुजानं हात वर करून माझं नाव सांगितलं.

थांबा. आधी मागचं सांगायला हवं, नाहीतर एका नावाला मी एवढी का भ्याले ते तुम्हाला समजायचं नाही.

ऋतुजाची आई म्हणजे माझी धाकटी जाऊ, कमल. माहेर मुरगूडचं. हसरी, कामाला वाघीण. मला अक्का म्हणायची. दिराचं मन दुसरीकडं गेलं आणि कमल घरात सगळ्यांना खुपायला लागली. एका दुपारी सासूबाईंनी — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो — मला हाक मारली आणि सांगितलं, “हिची ट्रंक भर आणि उंबऱ्याभाईर ठेव.” कमल दारात रडत उभी, चार वर्षांची ऋतुजा तिच्या पदराला धरून, दीर खाटेवर बसून पायातल्या वहाणेकडं बघत. आमचे मालक तेव्हा साखर कारखान्यात पाळीवर होते, त्यांनी यातलं काही पाहिलं नाही. ट्रंक मी भरली. आणि कशी भरली? प्रत्येक लुगड्याची घडी घालून. पोरीचे फ्रॉक इस्त्री केल्यासारखे दाबून. खोबरेल तेलाची बाटली सांडू नये म्हणून कागदात गुंडाळून. तिचे कपडे बोचक्यासारखे कोंबायला माझा जीव धजेना. मला वाटलं, एवढं तरी आपण तिच्यासाठी करू.

तीच ट्रंक तिच्यावर उलटली. कमलनं पोटगीचा अर्ज केला, तर दिराच्या वकिलानं सांगितलं की ही बाई आपल्या मर्जीनं माहेरी गेली. पुरावा काय? मुरगुडात ट्रंक उघडली तेव्हा शेजारपाजार जमला होता, त्यांनाच विचारा. हाकलून दिलेल्या बाईच्या ट्रंकेत अशा घड्या असतात का? सवडीनं, मन लावून भरलेली ट्रंक आहे ही. कमल सांगत राहिली की ती जावेनं भरली. पण जावेनं स्वतः येऊन सांगायला नको?

मी सांगते म्हटलं होतं. शब्द दिला होता. घरी समन्स आलं तर आत्याबाईंच्या हाती पडेल, म्हणून तिच्या वकिलांनी ते काढलंच नाही, ‘त्या आपणहून येणार आहेत’ यावर विसंबले. दोन तारखांना मी गेलेच नाही. तिसरी तारीख जज्जसाहेबांनी शेवटची म्हणून दिली. त्या दिवशी अंबाबाईला जाते म्हणून घरातून निघाले, आणि खरंच कोर्टात गेले. हे नीट लक्षात घ्या. मी गेले होते.

जिन्यापाशी आले आणि समोर मालकांची पाठ दिसली. दिराबरोबर आले होते, भावाला सोबत म्हणून. भावाचं म्हणणं खरं मानून आले होते. मी रांजणामागं सरकले. डोक्यावरून पदर पुढं ओढला. पट्टेवाला दारात आला आणि त्यानं हाळी दिली — शालन महादेव, पुढं आडनाव. माझं नाव, त्याला लागून मालकांचं नाव, भर व्हरांड्यात. मालक गर्रकन वळले. दुसऱ्यांदा पुकारलं. कमल दालनाच्या दारात येऊन गर्दीत मला शोधत होती, बोटं कपाळावर धरून, उन्हात बघतात तशी. माझ्या मनात काय होतं सांगू? माझ्याही खाटेखाली एक ट्रंक होती. ती भरायला घरात आता कुणी जाऊ नव्हती, आत्याबाईंनी स्वतः भरली असती. बाप वारलेला, भाऊ भावजयीच्या मुठीत — मी कुठं गेले असते? तिसऱ्यांदा पुकारलं. ‘हजर’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. मी रांजणाच्या गार अंगाला टेकून उभी राहिले आणि तो गिळला.

पोरीपुरतं काहीबाही मंजूर झालं. कमलचा अर्ज फेटाळला. तिनं मुरगुडात लोकांच्या शेतावर खुरपण करून, रात्री शिवण करून मुलगी वाढवली.

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. भ्याले, असं म्हणून कधीतरी सांगून मोकळी झाले असते. पुढचं अवघड आहे.

त्या दिवशी घरी दीर माझ्यावर तुटून पडला — वैनीचं नाव साक्षीला कसं आलं? आत्याबाई मारायलाच उठल्या. मालक मध्ये आले. म्हणाले, “तिचा काय संबंध? ती देवळात गेलती. कमलनं आपलं उगंच नाव घातलंय.” त्यावर तो विषय घरात मिटला. मालकांनी उभ्या जन्मात माझ्यावर हात उगारला नाही, हेही इथंच लिहून ठेवते. 

मग काही दिवसांनी कमल मला अंबाबाईच्या देवळात भेटली. मला वाटलं, आता चारचौघांत शिव्या घालेल. तिनं नुसतं विचारलं, “अक्का, का आली न्हाईस गं? मी दाराकडंच बघत हुतो.” माझ्या मनगटावर तव्याचा चटका बसून फोड आला होता. तिची नजर त्यावर गेली. “कोंडलं हुतं तुला?” मी मान डोलावली. “थोरल्या भावजींनी?” म्हणजे आमच्या मालकांनी. परत डोलावली. “मारलं?” मी फोडावर पदर ओढला आणि खाली बघितलं. कमलनं मला मिठी मारली आणि माझ्यासाठी रडली. माझ्यासाठी!

एक शब्दही मी बोलले नव्हते. पण तो दिवस आणि आजचा दिवस, मुरगूडच्या त्या घरात मी देवमाणूस आहे. आमच्यापायी मार खाल्लेली अक्का. ऋतुजा ही गोष्ट ऐकत मोठी झाली. आत्याबाई गेल्या, दीर दुसरीला घेऊन परगावी गेला, ऋतुजा शिकायला कोल्हापुरात आली. मला बाहेर भेटायची, डबा घ्यायची, पाया पडायची — पण मालक जिवंत होते तोवर या घराचा उंबरा तिनं ओलांडला नाही. वाटेत दिसले तर रस्ता बदलायची. मालक मला विचारायचे, “पोरगी माझ्याशी बोलत का न्हाई गं? मी काय केलंय तिचं?” काय सांगत होते मी? कामात असेल, म्हणत होते. शेवटच्या आजारात अंथरुणावरून म्हणाले, “ऋतूला एकदा बोलीव की.” मी बोलावलं. ती म्हणाली, “मोठी आई, तुझ्यासाठी काय पण करीन, पण त्या माणसाचं तोंड बघणार नाही.” एका वाक्याचं काम होतं. त्यांनी मला कोंडलं नव्हतं, मीच लपले होते — एवढंच म्हणायचं होतं. मला वाटलं, मग ही परत कधी मला मोठी आई म्हणेल का? मी घरी आले आणि मालकांना सांगितलं, गावाला गेलीय. ते दाराकडं बघत बघत गेले.

तर त्या रविवारी त्या हौशी गृहस्थांनी दारात उभं राहून माझं नाव पुकारलं. मालकांच्या नावासकट. एकदा. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं. मी खरोखर जिन्याकडं बघितलं, जाऊन उभं राहायला जागा आहे का म्हणून. या वयात, सगळ्यांसमोर! तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा ऋतुजानं मला कोपर मारलं, “अगं, हजर म्हण की!”

“हजर,” मी म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढवलं. ऋतुजानं फोटो काढून लगेच आईला पाठवला. बाकीची मंडळी पुढच्या दालनात गेली, ती मात्र वकिलासारखी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. “हं, बोला साक्षीदार. त्या दिवशी येऊ दिलं असतं तर काय सांगितलं असतंत?”

लाकडी कठडा मी दोन्ही हातांनी धरला होता. म्हटलं, “ट्रंक मी भरली. आत्याबाईंनी सांगितलं म्हणून. घड्या माझ्या हातच्या होत्या. कमलला हाकलून दिलं. मी बघितलंय.”

ऋतुजाचं हसू गेलं. तेवढ्यात कमलचा फोन आला, तिनं तो स्पीकरवर टाकला. “अक्का, तुला तिथं उभी बघून रडूच आलं बघ. सोडलं असतं तर आली असतीस तू. मला ठावं हाय की.” 

“व्हय,” मी म्हटलं.

फोन ठेवून ऋतुजानं डोळे पुसले आणि अगदी हळू विचारलं, “मोठी आई, कुठल्या खोलीत कोंडलं होतं गं त्यांनी तुला?” हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आजवर मी नुसती मान डोलावत आले होते. आता ती उत्तराची वाट बघत होती, आणि माझी भीती तीच होती, रांजणामागची.

“वैरणीच्या,” मी सांगितलं. “गोठ्याशेजारच्या. बाहेरून कडी घातली होती.”

तिनं माझा हात तिच्या कपाळाला लावला.

दुपारी ती माझ्याकडंच जेवली. मालक गेल्यापासून दर रविवारी जेवते. त्यांचा फोटो स्वयंपाकघराच्या दारावर लावलाय. ऋतुजा नेहमी त्या फोटोकडं पाठ करून बसते. परवाही तशीच बसली. तिचं ताट मीच तसं मांडलं होतं.