शरददादाचे मासे उपाशी ठेवले तेव्हा

शरददादा, माझा आतेभाऊ, गेला त्याला आता दोन महिने होतील. फोन वहिनीचा होता. "भाऊजी, या," एवढंच म्हणाली. भोईवाड्यातल्या त्यांच्या खोलीवर पोचलो आणि पुढचे दिवस तिथेच राहिलो. ते दिवस आठवले की अजून थकायला होतं...

दादाकडे गोल्डफिशच्या निरनिराळ्या जाती होत्या. मी सगळ्यांना गोल्डफिशच म्हणायचो. "सोसायटीच्या हिशेबात रुपया सोडत नाहीस, आणि इथे सगळे एकाच खात्यात?" असं म्हणत तो मला काचेसमोर बसवायचा. आधी पाठ बघायची. पाठीवर पर नाही आणि पाठ कमानीसारखी, तो रांचू. पर आहे, पण डोक्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस, तो ओरांडा. डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या, तो बबल आय. डोक्यामागून पाठ एकदम उंच चढते, तो रयुकिन. रयुकिन त्याचा सगळ्यात लाडका.

सुतकात आमचं जेवण शेजारून येई. भेटायला येणाऱ्यांना बोलायला सुचत नसे, मग ज्याचा त्याचा हात माशांच्या खाण्याच्या डब्याकडे जाई. दहाव्याच्या आधीच रयुकिन एका कुशीवर कलंडला. दादाची मावशी काचेशी वाकून म्हणाली, "ह्याच्या डोक्यार बुरशी इली, त्याचे डोळे सुजले. धन्याच्या मागसून सगळे आजारी पडले गो." कुणीतरी दुकानातून औषधाची बाटलीही आणली होती.

वहिनी नुसत्या चहावर होती. तिने मला बाजूला घेतलं. "खरं सांगा भाऊजी, सगळेच जाणार का हो?"

मी टाकीसमोर बसलो. पाठ, डोकं, डोळे... त्याच्याच क्रमाने. बुरशी नव्हती, तो ओरांडा होता. सूज नव्हती, तो बबल आय. रयुकिनचा उंचवटाही जन्मजात, पण कलंडणं नव्हे. पोट टम्म फुगलं होतं.

"आजारी हा एकटाच, तोही खाऊन खाऊन," मी म्हणालो. "दोन-तीन दिवस कुणालाच काही घालायचं नाही."

"मयताच्या घरात मुक्या जिवांका उपाशी ठेवतलंस?" मावशीने वहिनीला विचारलं.

वहिनीने औषधाची बाटली परत पाठवली आणि कुणी खाणं टाकू नये म्हणून दादाचा टॉवेल टाकीवर टाकला. "ते असते तर हेच केलं असतं, मावशी."

उपासाच्या तिसऱ्या दिवशी शेजारणीने वाटाणे उकडून दिले; माशाचं पोट फुगलं की दादा तेच घालायचा. वहिनी दादासारखीच दोन बोटांत दाबून साल काढत होती. रयुकिन अजून तिरकाच होता, पण स्वतःहून वर आला आणि तुकडा ओढून घेऊन गेला. वहिनी बराच वेळ बघत राहिली. मग वाटीत उरलेले वाटाणे तिने तिथेच, उभ्या उभ्या, एकेक करून खाल्ले.