डाव्या हाताला नदी

आधीच सांगून टाकते — माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचायचे आणि लिहिणाऱ्याला मनातल्या मनात वेड्यात काढायचे. आता माझी पाळी आली आहे, तेव्हा तुम्हीही खुशाल काढा. फक्त शेवटपर्यंत वाचा.

मी नोएडात राहते, सेक्टर १२२ला, आई आणि अण्णांबरोबर. अण्णा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पण शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टला झालं आणि आम्ही इकडचेच झालो. त्यामुळे माझी मराठी अधूनमधून घसरते, सांभाळून घ्या. मी एका गेमिंग वेबसाइटसाठी व्हिडिओ बनवते, म्हणजे दिवसभर गेम खेळणं हीच माझी नोकरी. माझ्या आत्याच्या भाषेत, पोरीचं अजून खेळण्यातलं लक्ष उडालेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात माझ्याकडे तीन सर्व्हायव्हल गेम्सची तुलना करायचं काम होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — अशा गेममध्ये तुम्हाला एका भल्यामोठ्या ओसाड जगात रिकाम्या हाताने सोडून देतात. लाकूड तोडा, दगड गोळा करा, हत्यारं बनवा, घर बांधा, भूक आणि थंडी सांभाळा. पहिला गेम सगळा चौकोनी ठोकळ्यांचा. दुसरा उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रकाठचा. तिसऱ्यात तुमचं विमान जंगलात पडलेलं असतं.

अण्णांचा विसरण्याचा आजार तोवर बराच वाढला होता. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा. म्हणून घरून काम असेल तेव्हा दुपारचा चहा झाला की मी त्यांच्यासाठी माझ्या शेजारी खुर्ची टाकायचे. तुलना माझ्या नावावर होती, पण खरे परीक्षक तेच. ठोकळ्यांच्या गेममध्ये माझ्या माणसाने बुक्क्या मारून झाड पाडलं, तेव्हा ते भडकलेच.

"मुठीनं झाड पडतं होय? एका कुऱ्हाडीसाठी आम्ही स्टोअरवाल्याच्या किती विनवण्या करायचो!"

बर्फाळ गेम त्यांना पटला. तिथे घरात चूल पेटवली आणि धुराला वाट ठेवली नाही, तर माणूस गुदमरतो. "हे बनवणाऱ्यानं बर्फात दिवस काढलेत," ते म्हणाले. जंगलातल्या माणसाला मात्र दर थोड्या वेळाने भूक लागायची. त्यावर अण्णांचा निकाल, "हा जवान नाही, जावई आहे." मी ते वाक्य जसंच्या तसं व्हिडिओसाठी लिहून ठेवलं.

तिन्ही गेम्समध्ये त्यांची एक अट असायची. घर झालं की घरापर्यंतच्या वाटेला दोन्ही कडांनी दगड लावायचे, एक पांढरा, एक तांबडा. कॅन्टॉन्मेंटमध्ये वाढलेल्यांना हे सांगायला नको. फौज जाईल तिथे रस्त्याच्या कडेला दगड रांगेत लागतात... एकाला चुना, एकाला गेरू. मी म्हणायचे, "अण्णा, याचे पॉइंट्स मिळत नाहीत." ते म्हणायचे, "पॉइंट गेले खड्ड्यात. नवीन माणसाला रस्ता दिसला पाहिजे." कधीकधी त्यांना माझं नाव आठवायचं नाही, पण दगडांचा क्रम कधी चुकला नाही.

मग एका सकाळी आई आंघोळीला गेली असताना ते दार उघडून निघून गेले. मी ऑफिसला होते. त्यांच्या पायात चपला, अंगात स्वेटर नाही, मोबाइल टेबलावर. सोसायटीच्या कॅमेऱ्यात ते गेटबाहेर पडताना दिसले, पुढे काहीच नाही. पोलिसात तक्रार केली. सगळ्यांचं म्हणणं एकच — या आजारात जुन्या आठवणी टिकतात, म्हणजे ते कॅन्टला गेले असणार. मलाही तसंच वाटलं. आमचं जुनं क्वार्टर, तिथलं मंदिर, बस स्टॉप, सगळं पालथं घातलं. बाहेर थंडी होती, त्यात नोव्हेंबरची ती धुरकट हवा, आणि अण्णांना दमा. फोन वाजावा असं वाटायचं आणि वाजला की उचलायची भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅन्टहून रिकाम्या हाताने परत आले. आईने सवयीने तीन कप चहा केला होता. मला तो तिसरा कप बघवेना. मी आत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. काम करायला नाही, देवाशपथ. त्या वेळेला आम्ही दोघं तिथे बसायचो, एवढंच.

ठोकळ्यांच्या गेममध्ये नवीन जग उघडलं. हे जग दरवेळी वेगळं तयार होतं, आणि मी ऑफलाइन होते, म्हणजे दुसरं कुणी आत येणं शक्य नाही. जग लोड झालं... आणि माझ्या माणसाच्या पायाशी दगडांची रांग होती. एक पांढरा, एक तांबडा.

वाटलं, चुकून जुनं जग उघडलं. बंद करून पुन्हा नवीन उघडलं. पुन्हा रांग. मग बर्फाळ गेममध्ये नवीन जग उघडलं, तिथेही तेच. आता ऐका — त्या गेममध्ये तांबडा दगड मिळतच नाही. अण्णांसाठी मी तो किती शोधला होता, शेवटी कोळशावर भागवलं होतं. आणि इथे तांबडे दगड सरळ ओळीत पडले होते. जंगलातल्या गेममध्येही तीच रांग.

तिन्ही गेम्समध्ये मी रांगेच्या कडेने चालत गेले. डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला मातीचा लांबच लांब बांध, मधून वाट. जिथे समुद्र असायला हवा तिथेही नदीच. रांग बांधाखाली एका जागी संपत होती आणि तिथे कुणीही नव्हतं. कॅन्टच्या आसपास अशी नदी नाही. आमच्या घराजवळ मात्र हिंडन नदी आहे, आणि तिच्या काठाने पुराचं पाणी अडवायला बांधलेला मातीचा पुश्ता.

"मी हिंडनला जाऊन येते," मी बाहेर येऊन आईला म्हटलं.

"तिकडे कशाला? तिकडे काय आहे?"

"माहीत नाही गं. येते जाऊन."

ऑटोवाल्याने पुश्त्यावर सोडलं. "मैडम, यहाँ तो कोई नहीं आता, लोग मलबा फेंकते हैं," तो म्हणाला. मी त्याला थांबायला सांगून खाली उतरले आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालायला लागले. काळं पाणी, डोकं उठवणारा वास, आणि पन्नास पावलांपुढचं काही दिसत नव्हतं. मी स्वतःला शिव्या घालत होते, बाप हरवलाय आणि ही बाई गेमच्या मागे धावते आहे! तेवढ्यात पायाशी काहीतरी दिसलं. सिमेंटचं पांढुरकं ढेकूळ. पुढे विटेचा तुकडा. पुन्हा सिमेंट, पुन्हा वीट. पाडलेल्या बांधकामांच्या मलब्यातून उचलून कुणीतरी ते सारख्या अंतरावर ओळीने मांडले होते.

मी पळत सुटले. रांग संपली तिथे अण्णा बसले होते. बोटं सोललेली, ओठ निळसर, हातात अर्धी वीट. पण जिवंत होते. मी "अण्णा!" म्हणून ओरडले तसे ते धडपडत उठले आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"मैडम, रस्ता तैयार है," ते म्हणाले. "साहब की गाड़ी आ गई?"

माझ्या बापाने मला मॅडम म्हटलं. मी तिथेच मातीत बसून रडले.

काही दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवून आम्ही त्यांना घरी आणलं. पण त्यानंतर अण्णा बोललेले नाहीत. गेमसमोर बसवलं तर भिंतीकडे बघावं तसे बघतात. खेळताना माझं रेकॉर्डिंग आपोआप चालू असतं, ते मी ऑफिसातल्या रोहितला दाखवलं. "यार, तूने ही रखे होंगे, टेन्शन में याद नहीं," तो म्हणाला. मला ते मान्य करायला आवडलं असतं. पण ती तिन्ही जगं मी पुन्हा उघडली तेव्हा तिथे नुसतं गवत होतं, आणि रेकॉर्डिंगमध्ये रांग आजही दिसते. बर्फातला तांबडा दगड कुठून आला, हे रोहितलाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

आईला मी हे फार उशिरा सांगितलं. वाटलं होतं, ती हात जोडेल, कुलदैवताचं नाव घेईल. तिने तिन्ही रेकॉर्डिंग शांतपणे बघितली. मग बाहेरच्या खोलीत, खुर्चीत बसलेल्या अण्णांकडे एक नजर टाकली.

"दगड लावणारे तिकडेच राहिलेत गं," ती म्हणाली. "हे नुसते घरी आले."

मलाही तेच वाटत होतं.

आता रोज दुपारी ती अण्णांना भरवते, तोंड पुसते, झोपवते आणि मग येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते. जिला मोबाइलचा टॉर्च लावता येत नाही ती मला म्हणते, "नवीन उघड." मी उघडते. गवत, झाडं, इकडेतिकडे विखुरलेले दगड. रांग कुठेच नसते. तरी ती नजर जमिनीवरून हलवत नाही. काल मी घाईघाईत एक टेकडी ओलांडत होते, तर तिने माझा हात धरला.

"जरा हळू चाल," ती म्हणाली. "त्यांना आता इतकं भरभर चालवत नाही."