आमचा मतदारसंघ मोडला तेव्हा

ज्या मतदारसंघाच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं काम केलं, तो आता राहिलेला नाही. पश्चिम लंडनच्या एका कडेचा तो भाग. हद्दी नव्याने आखल्या गेल्या, त्याचे तीन तुकडे झाले आणि शेजारच्या तीन मतदारसंघांना जोडले गेले. माणसं आहेत तिथेच आहेत. फक्त ते नाव आता मतपत्रिकेवर छापलं जात नाही.

आमचं ऑफिस चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. मी तिथे पहिल्यांदा गेले ती गाऱ्हाणं घेऊन. माझ्या बाळंतपणाला आईला यायचं होतं आणि तिचा व्हिसा नाकारला गेला होता. तेव्हाचे एमपी सत्तरीचे, तरुणपणी रेल्वेत सिग्नलचं काम केलेले. त्यांनी दोन पत्रं लिहिली आणि आई आली. मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी तिला घेऊन आभार मानायला गेले, तर त्यांनी विचारलं, "तुम्हाला भाषा किती येतात?"

"मराठी, हिंदी आणि कामापुरती गुजराती."

"मग सोमवारपासून या. इथे फोन वाजतो, माणूस रडत असतं, आणि मला कळत नाही ते काय म्हणतंय."

अशी मी केसवर्कर झाले, म्हणजे एमपीच्या वतीने लोकांची गाऱ्हाणी मार्गी लावणारी.

दर शुक्रवारी एमपी लोकांना भेटत. त्या भेटीला इथे सर्जरी म्हणतात, आणि डॉक्टरच्या दवाखान्यालाही. माझ्या पहिल्याच शुक्रवारी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आली. तिला वाटलं डॉक्टर बसलेत. माझ्या टेबलावरचा डबा आणि त्यातली थालीपीठं बघून तिने एकदम मराठीत विचारलं, "तू आपली गं?"

मी चमकले. तिच्या गळ्यात सहा कोनांच्या ताऱ्याची बारीक साखळी होती.

"आम्ही बेने इस्राएल, ज्यू," ती म्हणाली. "भायखळ्याच्या. घरात मराठीच बोलायचो. आता इथे बोलायला कोणी राहिलं नाही."

मी तिला मावशी म्हणायला लागले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक भाचा इस्राएलला. ती कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडायची, आणि बंद पडली की मावशी घरात अडकायची. तिला तळमजल्यावर घर हवं होतं, बस. "खालचं घर मिळालं की मलिदा करीन, असं बोलले आहे," ती सांगायची. मलिदा म्हणजे त्यांच्यातला नवसाचा प्रसाद, गोड पोहे आणि फळं.

आमच्या म्हाताऱ्या एमपींनी एके दिवशी ठरवलं, स्वतः जाऊन बघायचं. लिफ्ट बंदच होती. प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून ते दम घेत होते. वर पोचल्यावर मावशीने त्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाली, "याला सांग, तूही म्हातारा झालास. तुलाही खालचं घर लागेल."

मी भाषांतर केलं. ते इतके हसले की खोकला लागला. त्या आठवड्यात लिफ्ट दुरुस्त झाली, पण घर काही मिळालं नाही. पुढल्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत आणि दोन वर्षांत गेले.

त्यांच्यानंतर आलेल्या बाई वकील होत्या. बोलणं झटपट, कागद चोख. त्यांनी मावशीच्या डॉक्टरकडून पत्र मागवलं, लिफ्टच्या बंद दिवसांची यादी माझ्याकडून करून घेतली आणि कौन्सिलच्या मागेच लागल्या. एका वर्षात घर निघालं. तळमजल्यावरचं, नवं, दारात रॅम्प असलेलं. पण ते होतं दुसऱ्या गावात, दोन बस बदलून.

मी तिला दाखवायला घेऊन गेले. मावशी स्वयंपाकघरात उभी राहिली, खिडकीतून बाहेर बघितलं. समोर कुंपण होतं.

"इथे माझ्याशी बोलणार कोण?"

"मी येईन ना, मावशी."

"तू दर शुक्रवारी त्या ऑफिसात असतेस. इथे कशी येशील?"

तिने नाही म्हटलं आणि तिचं नाव पुन्हा यादीच्या तळाला गेलं. बाई माझ्यावर चिडल्या. "तुम्ही तिला समजवायला हवं होतं. तिच्या भाषेत बोलणारं तुमच्याशिवाय कोण होतं?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी नीट समजावलंच नव्हतं, कारण मलाही ती लांब जायला नको होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. ऑफिस रिकामं करताना त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं काय झालं?" मी म्हटलं, अजून तिथेच आहेत.

तिसरा एमपी माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. तोच शेवटचा. निवडून आला तेव्हा हद्दी बदलणार अशी कुजबुज होतीच. मग एका सकाळी नवा नकाशा आला. आम्ही तो टेबलावर पसरला. आमचं नाव त्यावर नव्हतं. मावशीच्या इमारतीसमोरच्या रस्त्यातून एक रेघ गेली होती. ती एका बाजूला, माझं घर दुसऱ्या बाजूला.

त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझ्याआधी किती जण होते इथे?"

"मी दोघांना ओळखते. त्याआधीचे मला माहीत नाहीत."

निवडणूक जाहीर झाली आणि आवराआवर सुरू झाली. लोकांच्या फायली आम्हाला ठेवता येत नव्हत्या. ज्याची सही येईल त्याची फाइल नव्या एमपीकडे जायची, बाकीच्या मशीनमध्ये घालून कापायच्या. सगळ्यांना फॉर्म पाठवले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. दोन आठवडे मी सकाळपासून त्या मशीनसमोर उभी असायची. कुणाचा निर्वासित भाऊ, कुणाचं ओल आलेलं घर, कुणाच्या मुलाची शाळा. काहींची अक्षरं मला ओळखू यायची.

मावशीचा फॉर्म आला नव्हता. मी फोन केला.

"तू ये, मग सही करते. मला हे इंग्रजी वाचवत नाही."

"गुरुवारी येते, मावशी."

गुरुवारी घरमालक जागा ताब्यात घ्यायला आला. कपाटांवरून वाद झाला, आणि मी गेले नाही. शुक्रवारीही गेले नाही. साधा फोनही केला नाही. शनिवार-रविवार दमून झोपले. सोमवारी गेले, तर दार बंद. शेजारीण म्हणाली, शुक्रवारी लिफ्ट बंद होती. आजी हातात एक पाकीट घेऊन जिन्याने उतरत होत्या, पोस्टाच्या पेटीत टाकायला. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून पडल्या.

हॉस्पिटलात ती पलंगावर अगदी लहान दिसत होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि छातीत पाणी झालं होतं. मी तिचा हात धरला. पाकीट नर्सने उशाशी ठेवलं होतं. आत फॉर्म होता. सही केली होती, चुकीच्या रकान्यात.

"बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, मावशी."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आता आपला एमपी कोण?"

"अजून कोणी नाही. पार्लमेंट बरखास्त झालंय. निवडणूक झाली की कळेल."

"म्हणजे सध्या आपलं कोणीच नाही?"

"मी आहे ना," असं म्हणायचं होतं, पण 'मी येईन ना' असं मी मागेही एकदा म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी ती गेली.

त्यांच्यात दफन लवकर करतात. भाचा रात्रीचं विमान पकडून आला. आम्ही सगळे मिळून अकरा जण असू. तिसरा एमपी, म्हणजे आता नुसता उमेदवार, लांबच्या एका गावात प्रचार करत होता. मी त्याला फक्त कळवलं होतं, बोलावलं नव्हतं. तो प्रचार सोडून आला. कोटावरचा पक्षाचा बिल्ला त्याने फाटकापाशीच काढून खिशात टाकला.

भाच्याने त्याला विचारलं, "तुम्ही मावशीचे कोण?"

तो म्हणाला, "मी त्यांचा एमपी होतो."

भाच्याने त्याला मातीत रोवलेलं फावडं दाखवलं. त्याने माती घातली. तो फावडं माझ्या हातात द्यायला लागला, पण त्यांच्यात ते हातातून हातात द्यायचं नसतं हे त्याला कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्याने ते जमिनीत रोवून ठेवलं आणि बाजूला झाला. मग मी घातली.

परत येताना आम्ही दोघं बसस्टॉपवर उभे होतो. मी त्याला सगळं सांगितलं. गुरुवारचं, कपाटांचं, आणि फार पूर्वीच्या त्या रॅम्पवाल्या घराचंही. मला वाटलं तो म्हणेल, तुमचा काही दोष नाही. इथे लोक चटकन तसं म्हणतात.

तो म्हणाला, "हो. तुम्ही जायला हवं होतं. आणि मी एकदाही त्यांच्या घरी गेलो नाही."

मला ते सहन झालं. दुसरं काही ऐकलं असतं तर झालं नसतं.

त्या निवडणुकीत तो हरला. मी आता एका शाळेच्या ऑफिसात असते. काम बरं आहे. निकालानंतर मी मावशीच्या नव्या एमपीच्या ऑफिसला फोन केला, त्या सहीवरून त्यांच्याकडे एक फाइल आली असेल ती बंद करा म्हणून सांगायला. फोनवरच्या मुलीने अगदी आदबीने पोस्टकोड विचारला. मी मावशीचा सांगितला. मग तिने माझा विचारला.

"सॉरी," ती म्हणाली, "तुम्ही आमच्या मतदारसंघात येत नाही. तुमच्या एमपीशी बोलावं लागेल."

मी म्हटलं, बरं, आणि मावशी वारल्याचं तेवढं लिहून घ्यायला सांगितलं. तिने नावाचं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगत गेले, आणि ती पलीकडे टाइप करत राहिली.