आडवं शीड

बाळांनो, तुमच्या पणजोबांनी पुण्यात आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे एका सरदारांच्या डोक्यावरचं छत मुठेपलीकडे पाठवून दिलं.

हे आत्ताच का सांगते? तुमचे बाबा नव्या नोकरीसाठी मद्रासला गेले, तुम्हालाही घेऊन गेले, आणि 'परमुलखात आपलं कसं व्हायचं' म्हणून तुम्ही तोंडं पाडून बसला आहात असं कानावर आलं. म्हणून. (छावणीतल्या मडमेकडे इंग्रजी शिकल्यापासून मी सगळं ओळीने सांगते. पुढे ओळ बिघडली तर दोष वाऱ्याचा, माझा नव्हे.)

आम्ही वसईचे किरिस्ताव. माझे बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, गलबतांची शिडं शिवायचे. पुण्याच्या एका सरदारांना मोहिमेसाठी तंबू शिवणारा हवा आहे असा निरोप आला, आणि नेमकं त्याच रविवारी पाद्रीबाबा प्रवचनात म्हणाले की पूर्वी एक मोठे संत तंबू शिवून पोट भरत. झालं! बाबांना वाटलं, हे देवाचंच बोलावणं. त्यांनी घर विकलं, होडीतला वाटा विकला. परतायला वीतभर जागा ठेवली नाही.

"अहो, पण तंबू म्हणजे असतं तरी काय?" आईने घाट चढताना विचारलं.

"आडवं शीड," बाबा म्हणाले.

आईचं समाधान झालं. माझंही झालं.

पुण्यात येऊन बाबांनी दाभण हाती घेतलं. आता, शीड म्हणजे काही सपाट चादर नव्हे. ते असं कापतात की त्याला पोट सुटावं, वारा आत मावावा. बाबांनी तंबूलाही तसंच पोट ठेवलं. इतकं गोल, डौलदार पोट, की आईने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "असं शीड तुम्ही वसईत एकदाही शिवलं नाहीत!" मी तर त्याच्यात झोपले. झोपेत पुणं हळूच किनाऱ्यापासून सुटलं आणि भरतीवर डुलत निघालं. मला ते अगदी योग्य वाटलं.

वाऱ्याची काळजी आम्हा कोणालाच नव्हती. वारा समुद्रात राहतो. इथे समुद्रच नाही, मग वारा येणार कुठून?

चैत्रातल्या एका दुपारी नदीकाठच्या मैदानात तंबू उभा राहिला. सरदार स्वतः गादीवर येऊन बसले. शेजारी त्यांचे कारभारी. पुण्याचा माणूस, बोलणं मोजकं आणि तेही तिखट. त्यांनी वर पाहिलं.

"मिस्त्री, छत लोंबतंय."

"साहेब, वारा आला की भरेल."

"भरेल? आणि मग?"

समुद्रावर 'आणि मग' कोणी विचारत नाही. मग होडी चालू लागते!

तेवढ्यात कसब्याच्या बाजूने धुळीचा एक उंच खांब गिरक्या घेत आला, आणि छत भरलं. काय भरलं! टम्म! आणि तुमचे पणजोबा, ज्यांनी घाबरायला हवं होतं, ते आनंदाने ओरडले, "भरलं! भरलं!"

"अहो, दोर ढिला सोडा!" आई ओरडली.

"वेडी झालीस? इतका चांगला वारा फुकट घालवू?" म्हणत बाबांनी दोर आवळला.

मेखा एकेक करून उखडल्या. मीही एक दोर धरला होता. होडीत पोरांना पहिली शिकवण असते ती दोर न सोडण्याची, आणि मी फार आज्ञाधारक मुलगी होते. पायाखालची जमीन गेली. सगळं एकदम शांत झालं. खाली सोनेरी धूळ, तिच्यातून वर आलेले देवळांचे कळस, डोलकाठ्यांसारखे, आणि मधून मुठा खाडीसारखी चकाकत चाललेली. मला वाटलं, हेच ते, आता आपण वसईला पोचणार. (आई म्हणायची, मी हातभरच वर गेले होते आणि लगेच घोड्यांच्या गवतात पडले. आईची नजर अधू होती.)

तंबू मात्र नदी ओलांडून पलीकडच्या बाभळींवर जाऊन बसला. इकडे सरदार भर उन्हात गादीवर तसेच बसलेले, विडा तोंडाशी थांबलेला.

कारभारी म्हणाले, "मिस्त्री, तंबू मुक्कामाला हवा होता. हा तर आमच्या आधी मोहिमेवर गेला!"

बाबा घरी आले आणि गाठोडं बांधायला बसले.

"जायचं कुठे?" आईने विचारलं. "घर विकलंत, होडी विकलीत."

"मला वाटलं देवाने बोलावलं. चुकलं माझं."

"बोलावणारा देव आणि वारा सोडणारा देव काही दोन नाहीत," आई म्हणाली. "सोडा ते गाठोडं. जेवून घ्या."

बाबा जेवले नाहीत. दोन दिवस मीही गवताची खाज सोडून कशाबद्दल बोलले नाही. मग दारात कारभारी उभे! हातांवर बाभळीचे ओरखडे.

"ते धूड काढताना आठ गडी लागले. कापड काट्यांत फाटलं. पण शिवण एकही उसवेना. शेवटी माझे गडी सुऱ्या घेऊन बसले, तरी उसवेना! काय शिवता की धातूसारखं सांधता?"

बाबा घाबरत म्हणाले, "समुद्रात उसवून चालत नाही, साहेब."

"सरदारांचा हुकूम आहे, या माणसाला कामावर ठेवा." बाबांनी छातीवर क्रूस केला. कारभारी दारातून वळले. "पुढचंही ऐका. कापणारा दुसरा असेल. याच्या हाती कात्री देऊ नका."

बाबा त्या सरदारांच्या पदरी मरेपर्यंत राहिले. कात्री त्यांना कोणी दिली नाही. आईनेसुद्धा नाही.

आता ते सरदार नाहीत, त्यांच्या मोहिमा नाहीत, पेशवाईही गेली. मी मात्र इथे पुण्यातच जन्मभर इंग्रजी शिकलेली, टापटिपीची, दोन्ही पाय जमिनीवर असलेली बाई म्हणून वावरले. तुम्ही कधी आलात तर माझं नाव विचारू नका, कोणी सांगणार नाही. 'उडत्यांचं घर' विचारा. तेवढं अजून आहे.